गेलेला बाप घरात बोलतो तेव्हा: ‘सिक्स फीट अंडर’ आणि आपलं दुःख

‘सिक्स फीट अंडर’ ही अमेरिकन मालिका ज्यांना ज्यांना मी बघायला सांगितली, त्यांतले बहुतेक जण दोन-तीन भाग झाले की एकच प्रश्न विचारतात. बाप तर पहिल्याच भागात गेला, मग तो घरात फिरतोय कसा? मुलांशी बोलतोय, सिगारेट ओढतोय, टोमणे मारतोय. ही भुताची मालिका आहे का?

भूत यात एकही नाही. मालिकेतली मेलेली माणसं जे बोलतात, ते समोरच्या जिवंत माणसाच्या मनातलंच असतं. घरातलं कोणी गेल्यावर आपल्या डोक्यात काय चालतं याचं इतकं नेमकं चित्रण मी दुसऱ्या कुठल्या मालिकेत पाहिलेलं नाही. म्हणून या लेखात मालिकेचा आधार घेऊन दुःखाबद्दल आज काय कळलेलं आहे ते सांगणार आहे, आणि ते आपल्या पुण्यातल्या घरांना कुठे लागू पडतं तेही. कथानकातल्या काही गोष्टी ओघात उघड होतील. ज्यांना मालिका कोरी बघायची आहे त्यांनी आधी बघून घ्यावी.

मालिका थोडक्यात

एचबीओ वाहिनीवर जून २००१ ते ऑगस्ट २००५ या काळात तिचे पाच सीझन आले, एकूण ६३ भाग. निर्माता अ‍ॅलन बॉल. तो तेरा वर्षांचा असताना त्याची थोरली बहीण मोटार अपघातात गेली, आणि तो त्याच गाडीत होता. हे माहीत असलं की मालिकेचा सूर कुठून आला ते कळतं.

फिशर कुटुंब लॉस एंजेलिसमध्ये राहतं. वर घर, खाली अंत्यविधीचा व्यवसाय. पहिल्या भागात ख्रिसमसच्या तोंडावर वडील नवी शववाहिका चालवत असतात आणि बस येऊन धडकते. मागे राहतात आई रूथ, घर सोडून सिअ‍ॅटलला गेलेला थोरला नेट, वडिलांबरोबर धंदा सांभाळणारा धाकटा डेव्हिड आणि शाळेत शिकणारी क्लेअर. बातमी कळते तेव्हा रूथ स्वयंपाकघरात आहे. नवरा गेला हे ती मुलाला सांगते आणि त्याच दमात जेवणाचं मांस वाया गेल्याचंही सांगते. पहिल्यांदा ते ऐकून विचित्र वाटतं. ज्यांच्या घरी अशी बातमी फोनवर आली आहे त्यांना वाटणार नाही. गॅसवर दूध होतं, ते बंद केलं का, हा विचार त्या क्षणीही येतोच.

जवळपास प्रत्येक भाग एका मृत्यूने सुरू होतो. कोणी म्हातारपणाने जातो, कोणी अपघाताने, कोणी अगदी क्षुल्लक कारणाने. मग पडदा पांढरा होतो आणि त्यावर नाव, जन्मवर्ष, मृत्यूवर्ष. त्या माणसाचे नातेवाईक फिशरांच्या दारात येतात आणि भाग पुढे सरकतो.

तळघरात काय चालतं

फिशरांच्या तळघरात चालणाऱ्या कामाला एम्बामिंग म्हणतात. मृतदेहाच्या धमनीतून फॉर्मल्डिहाइड असलेलं द्रावण आत सोडायचं आणि शिरेतून रक्त बाहेर काढायचं. त्यामुळे देह कुजण्याची क्रिया काही दिवस लांबते. चेहरा फुटलेला असेल तर मेण आणि रंग वापरून तो पूर्ववत करतात. मालिकेत हे काम फिशरांकडे नोकरीला असलेला फेडेरिको करतो, आणि तो त्यात खरोखर कलावंत आहे.

अमेरिकेत ही पद्धत रुजली १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात. घरापासून शेकडो मैल दूर मेलेल्या सैनिकांचे देह आईवडिलांपर्यंत पोचवायचे होते. युद्ध संपता संपता लिंकनची हत्या झाली. त्याचा एम्बामिंग केलेला देह आगगाडीने वॉशिंग्टनहून स्प्रिंगफिल्डला नेला, वाटेत गावोगावी लोकांनी दर्शन घेतलं आणि ही पद्धत देशाने पाहिली. पुढे तिच्याभोवती मोठा व्यवसाय उभा राहिला. शोकात बुडालेल्या माणसाला महागडी शवपेटी विकणं सोपं असतं, म्हणून १९८४ साली सरकारला नियम करावा लागला, की प्रत्येक सेवेचा दर वेगळा लिहून द्यायचा. मालिकेत एक बडी कंपनी फिशरांचा धंदा गिळायला टपलेली असते, तेही या पार्श्वभूमीवर बघा. तेव्हापासून तिकडेही चित्र पालटलं आहे. २०१५ साली अमेरिकेत दफनापेक्षा दहनाचं प्रमाण पहिल्यांदा जास्त झालं.

पुण्यात एम्बामिंगची गाठ एरवी पडत नाही. मृतदेह विमानाने न्यायचा असेल तर त्याचं प्रमाणपत्र लागतं. मुलगा किंवा मुलगी परदेशातून येईपर्यंत थांबायचं असेल तर आपण शवागारात ठेवतो किंवा फ्रीजरची पेटी भाड्याने घरी आणतो. कोथरूड-औंधमधल्या कितीतरी घरांना हे आता ओळखीचं झालं आहे: दिवाणखान्यात ती पेटी, आणि सगळ्यांचं लक्ष विमान कुठवर आलं याकडे.

वेळ कुठे खर्च होतो

बहुतेक घरांत मात्र सगळं काही तासांत होतं. डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला, पालिकेचा पास, शववाहिका, वैकुंठ स्मशानभूमी. विद्युतदाहिनीचं दार बंद होतं आणि सकाळी ज्याला चहा दिला होता तो माणूस संध्याकाळी नसतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते, तीही बहुतेकदा या धावपळीतच मार्गी लागते.

अमेरिकेत देह काही दिवस थांबतो, लोक येऊन बघतात, एका दुपारी दफन होतं, आणि त्यानंतर फारसं काही ठरलेलं नसतं. आपल्याकडे देह ताबडतोब जातो, पण नंतरचे दिवस आखून दिलेले असतात. अस्थी, दहावा, तेरावा, महिन्याचं, मग वर्षश्राद्ध, मग दरवर्षी पितृपक्ष. आपल्या शहरातल्या मुसलमान घरांत विधवेची इद्दत, म्हणजे शोकाची मुदत, चार महिने दहा दिवसांची. लाल देवळात जाणाऱ्या ज्यू कुटुंबांत पहिले सात दिवस घरात बसून शोक पाळतात. शोकाला मुदत आणि आकार देण्याची गरज सगळ्यांनाच पडलेली दिसते.

पहिल्याच भागात यावर एक प्रसंग आहे. वडिलांच्या दफनाला माती टाकायची तर हाताला घाण लागू नये म्हणून मिठाच्या डबीसारखी भोकांची डबी दिली जाते. नेट भडकतो. त्याने सिसिलीत पाहिलेलं असतं, की शवपेटी किनाऱ्यावर आली आणि काळे कपडे घातलेल्या म्हाताऱ्या बायकांनी छाती पिटून आक्रोश केला. तो डबी बाजूला सारतो आणि मुठीने माती घेतो. मग आईही खाली वाकते. आपल्याकडे सूनबाई मोठ्याने रडली तर ‘आवर स्वतःला’ म्हणणारे खूप असतात, विशेषतः आम्हा शहरी, शिकलेल्या घरांत. त्यांनी हा प्रसंग जरूर बघावा.

दुःखात डोक्यात काय होतं

जवळच्या माणसाच्या सोबतीने जगताना मेंदूने त्याच्याबद्दल हजारो अंदाज बांधून ठेवलेले असतात. साडेसहाला किल्ली वाजणार. दोडक्याची भाजी केली की नाक मुरडणार. मृत्यूची बातमी एका क्षणात कळते, पण हे अंदाज एका क्षणात पुसले जात नाहीत. वीस वर्षं सदाशिव पेठेत राहून माणूस धायरीला गेला, तरी कित्येक महिने मंडईतून निघाल्यावर पाय जुन्या वाड्याकडे वळतात. त्याला पत्ता माहीत नसतो असं नाही. पायांना अजून कळलेलं नसतं. शोकातही तेच होतं. साडेसहाला कान दाराकडे लागतात, कोणी येत नाही, आणि बातमी पुन्हा नव्याने कळते. प्रत्येक अंदाज असा एकेक करून चुकावा लागतो. म्हणून वेळ लागतो.

या काळात विसराळूपणा येतो, झोप उडते, भूक जाते, गाडी चालवताना वळण चुकतं. ज्यांना आपण वेडे होतोय असं वाटतं त्यांना हे सांगायला हवं, की यात वेड नाही. शरीरावर मात्र खरा ताण येतो. कॉलिन मरी पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली ब्रिटनमधल्या ४,४८६ विधुरांची पाहणी प्रसिद्ध केली. सगळे पंचावन्न किंवा त्याहून जास्त वयाचे. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यू त्याच वयाच्या विवाहित पुरुषांच्या मानाने सुमारे चाळीस टक्क्यांनी जास्त होते. आजी गेल्यावर आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांकडे कोणाचं तरी लक्ष हवं ते यासाठी.

त्या ‘पाच पायऱ्या’ खऱ्या नाहीत का?

नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. हा क्रम व्हॉट्सअ‍ॅपमुळे सगळ्यांना पाठ झाला आहे. एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६९ साली तो मांडला. पण तो मांडला होता स्वतःच मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. त्या बोलण्याचं महत्त्व मोठं आहे, कारण तोवर डॉक्टर अशा रुग्णांशी मृत्यूबद्दल बोलतच नव्हते. मागे राहिलेल्यांच्या शोकाला तो क्रम नंतर चिकटवला गेला. पुढच्या संशोधनात माणसं अशी पायरी पायरीने जाताना दिसली नाहीत. पायऱ्यांचा तोटा असा, की दोन वर्षांनी अचानक राग उसळला की माणसाला वाटतं आपण मागे घसरलो.

जास्त खरं वाटणारं चित्र नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ साली मांडलं. त्यांचं म्हणणं, शोकात असलेला माणूस दोन कामांमध्ये ये-जा करत असतो. एक काम गेलेल्याकडे तोंड करून: आठवणं, रडणं, फोटो काढून बघणं. दुसरं पुढच्या आयुष्याकडे तोंड करून: नव्या भूमिका शिकणं. पन्नाशीतली बाई बँकेत नॉमिनीचा फॉर्म भरायला जाते, गॅसचं कनेक्शन आपल्या नावावर करून घेते, मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकते. पत्नी गेलेला माणूस हिंगाची डबी शोधत कपाट उपसतो. ही सुद्धा शोकाचीच कामं आहेत. आणि ही ये-जा दिवसातून दहा वेळा होऊ शकते. सकाळी बँकेत व्यवस्थित बोललेली बाई दुपारी शर्टाला इस्त्री करताना कोसळते, रात्री मुलीशी बोलताना हसते.

हसते म्हणजे विसरली असं समजणारे नातेवाईक असतात. रूथ दुसऱ्या पुरुषाबरोबर फिरायला जाते, नोकरी करते, स्वयंपाकघरात एकटीच किंचाळते. तिन्ही एकाच बाईचं आहे आणि मालिका त्यात निवड करायला सांगत नाही. उलट बाजूही ध्यानात ठेवावी. कोणी फारसं रडलंच नाही तर त्याने दुःख दाबून ठेवलंय असं नेहमीच नसतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनॅनो यांच्या अभ्यासात बरीच माणसं जवळच्याच्या मृत्यूनंतरही आपली रोजची कामं बऱ्यापैकी करत राहिलेली आढळली. त्यांचं प्रेम कमी होतं असं काही त्यातून निघालं नाही.

गेलेल्याशी बोलणं म्हणजे मनाचा आजार का?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. मला या सगळ्या विषयात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

१९७१ साली ड्युई रीस या वेल्समधल्या एका साध्या डॉक्टरने आपल्या भागातल्या २२७ विधवा आणि ६६ विधुरांशी बोलून जे आढळलं ते प्रसिद्ध केलं. जवळजवळ निम्म्यांनी सांगितलं, की गेलेला जोडीदार घरात आहे असं आपल्याला जाणवतं. काहींना तो दिसला होता, काहींनी आवाज ऐकला होता, काही त्याच्याशी बोलत असत. बहुतेकांनी हे आधी कोणालाच सांगितलं नव्हतं. आणि बऱ्याच जणांना त्याची भीती न वाटता आधार वाटत होता.

ते गप्प का राहिले? कारण शिकलेल्या जगात एक समजूत घट्ट बसली होती, की निरोगी शोक म्हणजे गेलेल्यापासून मन सोडवून घेणं. याचा एक उगम सिग्मंड फ्रॉइड यांच्या १९१७ च्या लेखनात आहे. शोकाचं काम म्हणजे गेलेल्यात गुंतलेली ओढ थोडी थोडी करून काढून घेणं, असं त्यांनी मांडलं होतं. पुढे १९२० मध्ये त्यांची तरुण मुलगी सोफी तापाच्या साथीत गेली. नऊ वर्षांनी, तिच्या वाढदिवसाला, मुलगा गमावलेल्या एका मित्राला त्यांनी पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की शोकाची तीव्रता ओसरते हे आपल्याला ठाऊक आहे, पण ती जागा कधी भरत नाही. भरली तरी ते काहीतरी वेगळंच असतं. आणि असंच असायला हवं, कारण जे प्रेम सोडायचं नाही ते चालू ठेवण्याचा तेवढाच मार्ग आहे. सिद्धांत मांडणाऱ्या माणसाला बापाच्या अनुभवाने हे लिहायला लावलं.

१९९६ मध्ये डेनिस क्लास आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या अनुभवाला अभ्यासात जागा करून दिली. माणसं गेलेल्यांशी असलेलं नातं तोडत नाहीत, त्याचं रूप बदलून ते पुढे नेतात, असं त्यांनी दाखवलं. अडचणीत ‘बाबा असते तर काय म्हणाले असते’ असा विचार करणं, आईची पैठणी नेसणं, वाढदिवसाला त्यांच्या आवडीचा पदार्थ करणं. नेटचा आणि डेव्हिडचा बाप मालिकेत जे करतो ते हेच. तो त्यांना भांडायला, चिडायला, शेवटी समजून घ्यायला एक समोरचा माणूस देतो. जिवंतपणी जे बोलणं झालं नाही ते चालू राहतं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. ओंकारेश्वरापाशी दहाव्याच्या सकाळी उभं राहिलेल्या कोणालाही ते ठाऊक आहे. पिंड ठेवलेले असतात, सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघतात. कावळा येत नाही. मग कोणीतरी थोरलं माणूस पुढे होतं आणि मोठ्याने म्हणतं, ‘काकू, मंजूच्या शिक्षणाचं आम्ही बघू, काळजी करू नका.’ थोडा वेळ थांबून दुसरं कोणी म्हणतं, ‘भावाभावांत भांडण होऊ देणार नाही.’ शिवला नाहीच तर शेवटी दर्भाचा कावळा करून लावतात. कावळ्यात आत्मा येतो हे मला मान्य नाही, पण त्या पाऊण तासात जे होतं ते मला पूर्ण मान्य आहे. गेलेल्या बाईचा जीव कशात अडकला असेल याचा सगळं कुटुंब एकत्र, उघड्यावर विचार करतं आणि चारचौघांसमोर तिला शब्द देतं. नातं पुढे कसं चालणार याचा तो करारच असतो.

‘पण हे अंधश्रद्धेला खतपाणी नाही का?’ असं विचारलं जाईल. रास्त प्रश्न आहे. फरक व्यवहारात दिसतो. गेलेल्याशी मनात बोलून माणसाला आपला दिवस काढायला बळ येत असेल तर त्यात कोणाचं नुकसान नाही. पण कोणी ‘तुमच्या मुलाचा आत्मा अशांत आहे’ म्हणून आईकडून पैसे उकळत असेल, तर ती फसवणूक आहे आणि तिथे घरच्यांनी ठामपणे मध्ये पडायला हवं. विधी करायचेच नसतील तर नकोत. एक संध्याकाळ सगळ्यांनी बसून त्या माणसाबद्दल बोलावं, त्याने अर्धवट ठेवलेलं काय ते ठरवावं. काम तेच होतं.

देहच दिसला नाही तर

तिसऱ्या सीझनमध्ये नेटची बायको लिसा बेपत्ता होते. बरेच दिवस ती जिवंत आहे की नाही हेच कळत नाही. या अवस्थेचा अभ्यास पॉलीन बॉस यांनी केला. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांपासून त्यांचं काम सुरू झालं. गेला म्हणून रडावं तर विश्वासघात वाटतो, येईल म्हणून थांबावं तर आयुष्य थांबतं. चौथ्या सीझनच्या सुरुवातीला नेट लिसाला स्वतःच्या हाताने, पेटीशिवाय, वाळवंटात पुरतो. कायद्याने ते चूक आहे. पण ती गेली हे त्याच्या हातांना कळणं आवश्यक होतं.

२०२० आणि २०२१ मध्ये पुण्यातल्या असंख्य घरांच्या वाट्याला असंच काहीतरी आलं. माणूस स्वतः चालत रुग्णवाहिकेत बसला, आणि परत आला तो फोनवरचा निरोप होऊन. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला देह लांबून बघायला मिळाला, काहींना तेवढाही नाही. अंत्यसंस्कार पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी केले, ज्यांचे आभार मानायचं आपण विसरून गेलो. मुलं स्वतः कोविडने आडवी असल्याने दहावा झाला नाही, भेटायला कोणी आलं नाही. त्या घरांत आज इतक्या वर्षांनीही ‘ते गेले असं वाटतच नाही’ हे वाक्य ऐकू येतं. माझं त्यांना कळकळीचं सांगणं आहे, की उशीर झालेला नाही. या वर्षी, पुढच्या वर्षी, माणसं बोलवा, फोटो मांडा, जे राहिलं ते करा.

ज्यांना भेटायला कोणी जात नाही

काही शोक समाज मोजतच नाही. केनेथ डोका यांनी १९८९ साली यावर लिहिलं. पोटात गेलेलं बाळ, ‘अजून वय आहे, दुसरं होईल’ म्हणून गप्प केलेली आई. लग्न न झालेला जोडीदार, ज्याला तिरडीजवळ उभं राहायलाही जागा नसते. डेव्हिडने आपलं कीथवरचं प्रेम घरी लपवून ठेवलेलं असतं, म्हणून वडिलांच्या मृत्यूच्या दिवसांत त्याला आधार देणारा माणूस घरच्यांच्या लेखी नुसता मित्र असतो. पुण्यात मला आणखी एक चेहरा दिसतो: आजींची सहा-सात वर्षं अंघोळ, औषध, जेवण सांभाळणारी मावशी. आजी गेल्या की तेराव्याआधी तिचा हिशेब होतो आणि ती दुसऱ्या घरी रुजू होते. तिला कोणी विचारलं का, की तुला कसं वाटतंय?

मग डॉक्टरकडे कधी जायचं?

बहुतेकांना उपचारांची गरज नसते, माणसांची असते. पण काहींच्या बाबतीत शोक जागच्या जागी थिजून राहतो. त्याला आता प्रदीर्घ शोकविकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात यासाठी किमान सहा महिने धरले आहेत, तर अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या त्याच वर्षीच्या नियमावलीत मोठ्या माणसांसाठी बारा. नुसते महिने मोजून निदान होत नाही. जवळपास रोज तीव्र ओढ किंवा फक्त त्याच माणसाचा विचार, ‘माझा एक भाग मेला’ अशी भावना, मृत्यूवर विश्वासच न बसणं, त्याची आठवण देणारं सगळं टाळणं, जगण्याला अर्थ न वाटणं, आणि या सगळ्यामुळे रोजचं आयुष्य ठप्प होणं, असं चित्र असावं लागतं. त्या समाजाच्या रीतीपलीकडे ते गेलेलं असावं, ही अटही दोन्हीकडे आहे. वर्षश्राद्धाला रडणारी आई यात बसत नाही.

‘दुःखालाही आजार ठरवलं’ हा आक्षेप अनेक तज्ज्ञांनीच घेतला आहे, आणि धोका खरा आहे. तरी मी नावाच्या बाजूने आहे. ज्याचा शोक खरोखर थिजला आहे त्याला ‘काळ हे औषध’ सांगून वर्षानुवर्षं घरात बसवून ठेवणं क्रूर आहे, कारण त्यावर खास आखलेली बोलण्याची उपचारपद्धती उपलब्ध आहे आणि ती उपयोगी पडते. नैराश्याच्या गोळ्या सोबतचं नैराश्य कमी करतात, शोकावर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. आणि जीव द्यावासा वाटतो असं कोणी म्हणालं, तर महिने मोजत बसू नये. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

भेटायला जाताना

‘आठवण काढली तर खपली निघेल’ म्हणून लोक हवापाण्याच्या गोष्टी करतात. त्या घरात कोणी काही विसरलेलं नसतं. तुम्ही नाव घेतल्याने दुःख नव्याने सुरू होत नाही, उलट एकटेपणा कमी होतो. ‘काकांनी मला पहिल्यांदा पोहायला शिकवलं’ एवढं सांगा. ‘सुटले बिचारे’, ‘देवाला चांगली माणसं हवी असतात’ ही वाक्यं टाळा. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणण्यापेक्षा मंगळवारी डबा घेऊन या, किंवा मुलाला क्लासला सोडा. तेरावा झाल्यावर घर एकदम रिकामं होतं, तेव्हा जा. तिसऱ्या महिन्यात जा.

लहान मुलांना ‘आजोबा झोपलेत’ किंवा ‘गावाला गेलेत’ सांगू नका. मूल झोपायला घाबरतं किंवा वाट बघत राहतं. ‘आजोबा मेले, त्यांचं शरीर आता चालत नाही, ते परत येणार नाहीत’ हे चार-पाच वर्षांच्या मुलालाही हळू आवाजात, जवळ घेऊन सांगता येतं. ते पुन्हा पुन्हा विचारेल. तितक्या वेळा सांगा.

ताजं दुःख असताना ही मालिका बघावी का?

पहिल्या काही आठवड्यांत नको, असं माझं मत आहे. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला कोणीतरी मरतं आणि ते कसं मरेल याचा अंदाज नसतो. ज्यांच्या घरी अपघात झालाय त्यांना पहिलाच भाग जड जाईल. ज्यांचं बाळ गेलंय त्यांनी भागाची माहिती आधी कोणाला तरी विचारून घ्यावी. काही महिने गेल्यावर, सोबतीला कोणीतरी असताना, आठवड्याला एखाद-दुसरा भाग असं बघितलं तर ती फार आधार देते. पाचव्या सीझनचे शेवटचे चार भाग सलग बघू नयेत. शेवटच्या भागात तोवर उरलेल्या प्रत्येक मुख्य पात्राचा मृत्यू पाळीपाळीने दाखवला आहे, क्लेअरचा तर २०८५ सालातला, वयाच्या १०१ व्या वर्षी. तो भाग रात्री उशिरा लावू नका. संपल्यावर कोणाशी तरी बोलावंसं वाटतं, आणि त्या वेळी फोन उचलणारं माणूस जागं असायला हवं.